जलजीवालयातील मार्जारमीन

जलजीवालयातील मार्जारमीन : सिल्युरिफॉर्मीस गणातील माशांना मार्जारमीन म्हणतात. त्यांच्या अंगावर खवले नसतात व मुखाभोवती मांजराच्या मिशांसारख्या स्पृशा (लांब संवेदनशील धागे) असतात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील पूर्णा नदी तापीला मिळते, तर अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. उन्हाळ्यात येथील ओढे आटून केवळ डोह उरतात. अशा प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात मागूर व शिंगी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात व तग धरतात. या गुणामुळेच ते घरगुती टाकीतही जगू शकतात.

इतिहास : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथातील मत्स्यविनोद प्रकरणात माशांचे प्रकार व त्यांची आमिषे वर्णिली आहेत. १८३९ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी शिंगाळा, घोगरा ही लोकांच्या तोंडची नावे ‘सींघाला’, ‘गोग्रा’ अशी शास्त्रीय नामकरणात घेतली. ती अद्यापि रूढ आहेत. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी लंडनमध्ये मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांचा समतोल राखणाऱ्या टाकीचा प्रयोग केला. १८५३ मध्ये तेथील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

संगोपन : मार्जारमीन बहुधा निशाचर व तळाशी वावरणारे असल्याने मऊ वाळू, दडण्यास दगड व मंद प्रकाश ठेवतात. हवा घेणाऱ्या जातींसाठी पाणी व झाकण यांत मोकळी जागा लागते. झाकण नसल्यास ते बाहेर पडतात. शिंगीच्या छातीच्या परांतील काटे विषारी असल्याने तिला हाताने धरीत नाहीत. मिस्टस प्रजातीतील लहान मासे टाकीस योग्य ठरतात. शिवडा मात्र एक मीटरहून अधिक लांब होतो व इतर मासे गिळतो, म्हणून तो अयोग्य होय.

परकीय जाती : टाकीतील नको झालेला मासा नदीत सोडणे घातक ठरते. थायलंडहून शोभेसाठी अमेरिकेत नेलेला मागूर १९६० नंतरच्या दशकात फ्लॉरिडाच्या पाण्यात पसरला. दक्षिण अमेरिकेतील चूषकमुखी मार्जारमीन कोलकात्याच्या व केरळच्या पाणथळ भागांत आढळतो. आफ्रिकी मागुराच्या पालनास भारतात २००० मध्ये बंदी घालण्यात आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये त्याचा साठा नष्ट करण्याचा आदेश दिला. देशी मागूर (क्लॅरियस मागूर) मात्र संकटग्रस्त जातींत गणला जातो. त्यामुळे पूर्णा-पैनगंगेच्या खोऱ्यांतील देशी मासे टिकणे हे घरातील टाकी सांभाळणाऱ्याच्या विवेकावरही अवलंबून आहे.