तबकडीवरील गर्दी

न्यूयॉर्क येथें २०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस एका मनगटी घड्याळाचा लिलाव झाला व तें १,७७,५२,५०० डॉलरांस गेलें. घड्याळ साध्या पोलादाचें, रोलेक्स कंपनीच्या 'डेटोना' या जातीचें, आणि अमेरिकन नट पॉल न्यूमन याच्या मनगटावर बरींच वर्षें वावरलेलें होतें. मालकाच्या कीर्तीचा या किंमतींत मोठा वांटा आहे हें उघड आहे. परंतु त्याच तऱ्हेच्या तबकडीचीं, कोणाहि प्रसिद्ध पुरुषाच्या हातीं न गेलेलीं घड्याळेंहि आज लाखों डॉलरांस विकलीं जातात, व संग्राहकांनीं त्या तबकडीला न्यूमनचेंच नांव देऊन टाकलें आहे. ही तबकडी मोठी गजबजलेली आहे. पांढऱ्या भूमीवर तीन काळीं वर्तुळें. त्या वर्तुळांत टोंकाशीं चौकोनी ठिपके असलेल्या बारीक रेघा. जुन्या जाहिरातींतल्यासारख्या वळणाचे आंकडे. कडेनें लाल खुणांची आणखी एक ओळ. आणि तिच्याहि बाहेर पोलादी कड्यावर कोरलेल्या आंकड्यांची माळ. हीं घड्याळें नवीं होतीं तेव्हां, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, गिऱ्हाइकें तीं हातांत घेऊन पुन्हा ठेवून देत व त्याच जातीची शांत तबकडी मागत. दुकानांच्या कपाटांतून तीं पडून राहत, असें या धंद्यांतील जुनीं माणसें सांगत आलीं आहेत. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या वस्तूला लोकांनीं नाक मुरडलें, तिच्यासाठीं आज त्यांचीं मुलें घरें विकण्याइतकी रक्कम मोजावयास तयार होतात. हें कसें घडलें, याचा विचार करण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

आरंभींच्या घड्याळाकडून अचूक वेळेची अपेक्षा कोणी करीतच नसे. हॉयगेन्स या डच पंडितानें १६७५ सालीं केसासारखी बारीक कमान तोलचक्रास जोडण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तोंवर खिशांतलें किंवा गळ्यांतलें घड्याळ दिवसाकाठीं सहज पाव-अर्धा तास चुके. त्याला मिनिटकांटा नसे, कारण त्याचा कांहीं उपयोगच नसे. अशा यंत्रास श्रीमंत लोक विकत घेत तें दागिना म्हणून. लंडनच्या चीपसाइड रस्त्यावर १९१२ सालीं एक जुनें घर पाडतांना जमिनींत पुरलेला सोनाराचा माल सांपडला. त्यांत एका भल्या मोठ्या पाचूच्या पोटांत बसविलेलें घड्याळ आहे. पाचू दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियाचा, कोश षट्कोनी, आणि झांकणहि पाचूचेंच. वेळ पाहण्यासाठीं कोणी इतका पाचू कोरीत नाहीं. सतराव्या शतकांत फुलाच्या, क्रूसाच्या, मानवी कवटीच्या आकाराचीं घड्याळें होत असत. त्याच शतकांत इंग्लंडांतील धर्मनिष्ठ प्युरिटन लोकांमध्यें अगदीं बिननक्षीचें, लंबगोल, रुप्याचें घड्याळ रूढ झालें व त्यास पुढें त्यांचेंच नांव पडलें. साधें घड्याळ आणि गजबजलेलें घड्याळ यांचा वाद तेव्हांपासूनचा आहे, आणि पहिल्याच फेरींत तो धर्माचा वाद होता, ही गोष्ट विसरतां कामा नये. साधेपणाच्या पक्षास जें एक नैतिक अवसान आहे, तें त्यानें तेथून आणलेलें आहे.

जिनीव्हा शहराची कथा याहून मौजेची आहे. कॅल्विनच्या शिकवणीनें त्या शहरांत दागदागिन्यांवर निर्बंध आले. १५६६ सालीं सोनारांस क्रूस, पूजेचे पेले व तत्सम वस्तु घडविण्याची मनाई झाली. सोनाराचा हात कांहीं स्वस्थ बसत नाहीं. फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांत घड्याळजी होते. त्यांची विद्या आणि सोनारांची कला यांची गांठ पडली. दागिना निषिद्ध, पण घड्याळ उपयोगाची वस्तु! मग त्या उपयोगाच्या वस्तूवर मीनाकारी, कोरीव काम, मोत्यांची कड हें सर्व निर्वेधपणें चढूं लागलें. १६०१ सालीं तेथें घड्याळजींचा संघ स्थापन झाला. धर्माज्ञेनें दाराबाहेर घालविलेली हौस घड्याळाच्या खिडकींतून घरांत परत आली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अब्राहम लुई ब्रेगे या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या व पॅरिसमध्यें नांवारूपास आलेल्या कारागिरानें वादास वेगळें वळण दिलें. त्याच्या तबकड्या पाहिल्या म्हणजे मन निवतें. रुप्यावर किंवा सोन्यावर यंत्रानें कोरलेली अतिसूक्ष्म वेलबुट्टी, बारीक कांटे आणि त्यांच्या टोंकाजवळ चंद्रकोरीसारखा एक पोकळ गोल, बस्स. यंत्राचें सारें पांडित्य त्यानें आंत दडविलें. परंतु याच ब्रेगेकडे १७८३ सालीं राणी मारी आंत्वानेत हिच्या रक्षकदलांतील एका अधिकाऱ्यानें एक घड्याळ मागविलें: खर्चाची मर्यादा नाहीं, मुदतीची मर्यादा नाहीं, त्या वेळीं ज्ञात असलेली प्रत्येक करामत त्यांत असावी. आपोआप भरणारी कमान, तारीख-वार-महिना-लीपवर्ष जाणणारें पंचांग, तासाचे व मिनिटांचे ठोके, सूर्याची वेळ व घड्याळाची वेळ यांतील अंतर, तापमापक. हें सर्व दिसावें म्हणून त्याची तबकडी स्फटिकाची केली आणि चाकांचें जंगल उघडें ठेवलें. राणीचा शिरच्छेद १७९३ त झाला, ब्रेगे १८२३ त वारला, आणि घड्याळ १८२७ त पुरें झालें. ज्यानें जगास साधी तबकडी शिकविली त्याच्याच कारखान्यांतून जगांतील अत्यंत गजबजलेलें घड्याळ निघालें. यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. दोन्ही घड्याळें सारख्याच कौशल्याचीं आहेत; एकानें तें झांकलें, दुसऱ्यानें उघडें केलें. (हेंच घड्याळ १९८३ सालीं जेरुसलेमच्या एका संग्रहालयांतून चोरीस गेलें व २००७ सालीं परत मिळालें; पण तो एक स्वतंत्र विषय आहे.)

एकोणिसाव्या शतकांत स्विस घड्याळजींनीं चीनसाठीं केलेलीं घड्याळेंहि अशीच उघडीं असत: पाठीवर मीनाकारीचीं फुलें नाहीं तर पक्षी, कडेस मोत्यें, आणि पाठ उघडली कीं कांचेखालीं इंचाइंचावर नक्षी कोरलेलें यंत्र. तीं बहुधा जोडीनें विकलीं जात, व जोडींतील एकावरचें चित्र दुसऱ्याच्या आरशांतल्या प्रतिबिंबासारखें काढलेलें असे. तेव्हां झगमगाट ही पौर्वात्यांची आवड व संयम ही पाश्चात्त्यांची, असें जें कधीं कधीं ऐकूं येतें, त्यावर आमचा विश्वास नाहीं. माल ज्यांनीं घडविला त्यांचीहि बोटें त्या फुलांत रमलीं होतीं.

विसाव्या शतकांत घड्याळ मनगटावर आलें आणि तबकडीवर एक नव्या प्रकारची गर्दी झाली. ती हौसेची नव्हती, कामाची होती. न्यूमनच्या घड्याळाच्या कड्यावरील आंकड्यांचेंच घ्या. मोटार एका मैलाच्या दगडाशीं आली कीं कळ दाबून कांटा सुरू करावा, पुढच्या दगडाशीं थांबवावा. ३० सेकंद लागले असतील तर कांट्याचें टोंक १२० या आंकड्याशीं येतें, ३६ लागले असतील तर १०० शीं. तीच तासाची गति. ब्राइटलिंग कंपनीनें १९५२ सालीं वैमानिकांसाठीं काढलेल्या 'नॅव्हिटायमर' घड्याळाच्या कडेला तर गणित करावयाची गोल स्लाइड रूलच बसविली होती. इंधन किती उरेल, मैलांचे किलोमीटर किती, हें वैमानिक कडें फिरवून वाचीत असे. अनोळखी डोळ्यास ती तबकडी मुंग्यांच्या वारुळासारखी दिसते. वैमानिकास ती मुळींच गजबजलेली वाटत नसे. ज्याला वाचतां येतें त्याला पोथी गिचमिड वाटत नाहीं.

याच काळांत उलट पक्षहि जोरांत होता. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुशास्त्रज्ञानें शतकाच्या आरंभींच अलंकार व गुन्हा यांची सांगड घालून एक व्याख्यान दिलें होतें. त्या विचाराचें टोंक गांठलें तें नेथन जॉर्ज हॉर्विट यानें. १९४७ सालच्या त्याच्या काळ्या तबकडीवर आंकडे नाहींत, रेघा नाहींत. बाराच्या जागीं एकच सोनेरी ठिपका. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९६० सालीं ती आपल्या संग्रहांत घेतली. ती तबकडी सुंदर आहे. तिच्यावरून सात वाजून अठरा मिनिटें झालीं कीं एकवीस, हें मात्र आम्हांस कधीं सांगतां आलें नाहीं. म्हणजे उपयुक्ततेच्या नांवानें अलंकार काढीत काढीत शेवटीं उपयोगहि काढून टाकला गेला. साधेपणा हाच अलंकार झाला. आमचा स्वतःचा कल साध्या तबकडीकडे आहे हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या पक्षाचा हा दोष पाहिल्यापासून दुसऱ्या पक्षास हंसण्याचा आमचा उत्साह पुष्कळ कमी झाला आहे.

१९६९ च्या नाताळच्या दिवशीं जपानांत सीको कंपनीनें गारेच्या स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विकावयास काढलें, आणि चाकांच्या घड्याळाची उपयुक्तता एका दशकांत संपली. स्वित्झर्लंडांतील या धंद्यांत १९७० च्या सुमारास नव्वद हजार माणसें होतीं. पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत त्यांतलीं सुमारें एक तृतीयांश उरलीं. कित्येक गांवांच्या गांवें ओस पडण्याची पाळी आली. आतां चाकांचें घड्याळ विकावयाचें तर त्यानें वेळेखेरीज आणखी कांहीं सांगितलें पाहिजे होतें, आणि दुरून सांगितलें पाहिजे होतें. १९७२ सालीं ऑडेमार पिगे कंपनीनें 'रॉयल ओक' पुढें आणलें. आराखडा जेराल्ड जेन्ता याचा. अष्टकोनी कडें, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, तबकडीवर बारीक चौकड्या, सगळें पोलादी, आणि किंमत अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून ही कल्पना सुचली, असें जेन्ता सांगत असे. जाणत्यांनीं पुष्कळ टवाळी केली. आज त्या घड्याळाकडे संयमाचा नमुना म्हणून बोट दाखवितात!

जेन्ताची पुढची हकीकत या वादाची मर्मस्थळें उघडीं करणारी आहे. १९८० नंतर त्यानें मौल्यवान घड्याळांच्या तबकडीवर मिकी माउसचें चित्र आणलें, आणि जिनीव्हाच्या एका प्रदर्शनांत चालकांनीं तीं घड्याळें मांडूं नयेत असें सुचविलें, तेव्हां तो तेथून उठून गेला. परंतु १९९३ सालीं त्याच्या 'रॉयल ओक'ची एक दांडगी, जाडजूड, ४२ मिलिमीटर रुंदीची आवृत्ति 'ऑफशोअर' या नांवानें एका तरुण आराखडेकारानें काढली, तेव्हां हाच जेन्ता बाझलच्या जत्रेंत कंपनीच्या मांडवांत शिरून आपल्या घड्याळाचा सत्यानाश केला म्हणून ओरडला, असें सांगतात. आपली गर्दी ती रचना, दुसऱ्याची गर्दी तो गोंगाट. २००१ पासून रिशार मिल हा फ्रेंच गृहस्थ जीं घड्याळें काढूं लागला तीं पाहून जेन्ताचे भक्त आज असेच ओरडतात. तबकडी जवळजवळ नाहींच. पिंपाच्या आकाराच्या कोशांत मोटारीच्या इंजिनासारखे पूल, दांडे व स्क्रू उघडे. राफाएल नदाल २०१० सालीं टेनिस खेळतांना यांतलेंच एक बांधीत असे. पट्ट्यासकट त्याचें वजन २० ग्रॅमहून कमी होतें व किंमत सुमारें ५ लाख डॉलर. आम्हांस तें सुंदर वाटत नाहीं. पण त्याच्या गर्दींतला बराच भाग रॅकेटच्या हिसक्यांना टिकण्यासाठींच आहे, हें मान्य करणें भाग आहे.

या वादाची एक शाखा मुंबईंतहि आहे. आपल्याकडे १९६१ पासून बंगलोरच्या एच.एम.टी. कारखान्यानें घरोघर घड्याळ पोंचविलें. त्यांतलें 'जनता' हें पांढऱ्या तबकडीचें, हातानें किल्ली द्यावयाचें घड्याळ कित्येकांच्या पहिल्या पगाराची आठवण आहे. कंपनीचा घड्याळांचा धंदा २०१६ सालीं गुंडाळला गेला. पण तीं यंत्रें सहजासहजीं मरत नाहींत. मुंबईचे कारागीर अशीं एच.एम.टी.चीं व स्विस जुनीं यंत्रें साफ करून त्यांवर नव्या रंगविलेल्या तबकड्या बसवितात: नारिंगी, पोपटी, निळ्या, दुरंगी, वर्तुळांत वर्तुळें, आणि मोठ्या आंकड्यांशेजारीं लहान आंकडे. परदेशीं संग्राहक यांस 'मुंबई स्पेशल' म्हणतात व नवशिक्यांस त्यांपासून दूर राहावयास बजावतात. त्यांच्या तक्रारींतला एक भाग अगदीं रास्त आहे. ज्या कंपनीनें ती तबकडी कधीं केली नाहीं तिचें नांव तींवर रंगविणें हें खोटें आहे, व खोट्यास सौंदर्यशास्त्राचा आधार देतां येत नाहीं. परंतु हंसणारे नुसत्या नांवास हंसत नाहींत. ते त्या नारिंगी रंगास व त्या वर्तुळांस हंसतात. न्यूमनच्या तबकडीवरहि तीन रंग आहेत व वर्तुळें आहेत, आणि तीहि एके काळीं कोणास नको होती. लग्नांत जांवयास द्यावयाचें घड्याळ निवडतांना आपल्याकडे आजहि सासरा साधें पुढें करतो व सासू झगझगीत उचलते. त्या दुकानांतला निकाल अजून कोणत्याहि लिलावांत लागलेला नाहीं.

न्यूमनला तें घड्याळ त्याच्या पत्नीनें दिलें होतें. तो मोटारींच्या शर्यतींत भाग घेई, म्हणून जपून चालवण्याची सूचना तिनें त्याच्या पाठीवर कोरून घेतली होती. १९८४ सालीं त्याच्या मुलीचा एक तरुण मित्र त्याच्या घरीं झाडावरच्या खोपटाची दुरुस्ती करीत असतां न्यूमननें त्याला किती वाजले म्हणून विचारलें. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतें. तेव्हां न्यूमननें आपल्या मनगटावरचें काढून त्याच्या हातीं दिलें आणि सांगितलें कीं, रोज आठवणीनें किल्ली दिलीस तर बरी वेळ दाखवितें.