पत्र्याच्या शेडमधली माणसं

आमच्या तेरणाकाठच्या गावांत भिंतीच्या रुंदीवर घराची पत ठरायची. दगड-मातीची दोन-अडीच हात भिंत, आत लाकडी खण, वर माळवद आणि उजेडासाठी ठेवलेलं सानं. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढरी माती आणून वर थर द्यायचा. आजोबांच्या थरावर वडिलांचा, त्यावर चुलत्यांचा. जुना थर कुणी काढत नसे. त्यामुळे घर जितकं जुनं, तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. उन्हाळ्यात ते घर थंडगार असायचं आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता.

किल्लारीचा भूकंप अचानक आला असं बाहेरचे लोक म्हणतात. ते खरं नाही. १९९२च्या पावसाळ्यापासून तिथं हादरे बसत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२चा हादरा तर चांगलाच मोठा होता. लोक घाबरून अंगणात, शेतात झोपायला लागले. पण दख्खनचं पठार भक्कम समजलं जायचं, भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं हादरे थंडावले. ‘किती दिवस उघड्यावर झोपायचं?’ असं म्हणत माणसं एकमेकांना घरात घेऊन गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर कित्येक घरांत जी गोष्ट वर्षानुवर्षं कुणी तोंडातून काढली नाही, ती इथली आहे. कुणाला तरी कुणीतरी आत बोलावलं होतं.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा परतले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भिंती कोसळल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती एकदम खाली आली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. मी तेव्हा मामाकडे सोलापूरला होतो म्हणून वाचलो. आमच्या घरातल्यांना अग्नी द्यायला सरपण नव्हतं. घराचेच वासे आणि दारं चितेला लागली. एकेकाचा वेगळा विधी करायला ना माणूस होता, ना उसंत. पितृपक्ष तोंडावर आला होता, पण त्या वर्षी कुणी कुणाला पान वाढायचं?

त्यानंतर सुरू झाली मोजणी. ५२ गावं नव्या जागी हलवायचं ठरलं. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मंजूर झाली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. एवढं मोठं काम त्या काळात उभं राहिलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पंचनाम्यात बोलायचं ते मेलेल्याचं नाव, वय, नातं. माणसं तेवढंच बोलायला शिकली. वारंवार तेच तीन शब्द सांगून बाकीचं आत राहिलं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी किल्लारीत वाचलेल्यांची तपासणी केली, तिचा अहवाल १९९६ साली छापून आला. त्यांनी तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजार होता. आमच्याकडं त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. ‘बाईनं धसका घेतलाय’ म्हणायचे आणि गप्प बसायचे.

नवी घरं ताब्यात आली. सरळ रस्ते, ओळीनं घरं. गल्ली गेली, ओटा गेला, शेजार बदलला. आणि रात्र झाली की माणसं त्या पक्क्या घराला कुलूप लावून शेजारी ठोकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. स्लॅबखाली धान्याची पोती, पत्र्याखाली माणसं. पाहणीला आलेले साहेब म्हणायचे, लोकांना घराची किंमत नाही. मला त्याचा आजही राग येतो. दिवसा काहीच न सांगणारी माणसं रात्री अंथरूण कुठं टाकतात, एवढं पाहिलं असतं तरी साहेबांना सगळं कळलं असतं.

मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, अशीच शेडमध्ये झोपायची. तिच्या दोन्ही मुली गेल्या, ती वाचली. ती रडायची नाही, त्या रात्रीविषयी बोलायची नाही. मुलींची नावं घेतली की उठून गुरांकडे जायची. त्याच काळात सरकारनं घरदुरुस्तीच्या कामात लोकांना सामील करून घ्यायचं ठरवलं आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’नं गावोगाव बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. मोठी आई त्यात गेली. दगडी भिंतीत आरपार दगड कुठं घालायचा, कोपरा कसा बांधायचा, हे ती गवंड्याला सांगायला लागली. मी तिला पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं ते सिमेंटच्या पोत्यांवरून भांडताना. भिंतीची भीती भिंत हाताळून कमी झाली, असं मला वाटतं. तरी मुलींचं नाव नाहीच.

२६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं आणि लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. त्यांत मोठी आईही होती. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची लेकरं अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली सापडली होती. तिथं एका बाईनं हिला मोडक्या हिंदीत सांगितलं, मुलगा जायला तयार नव्हता, मीच गणवेश घालून पाठवला. तेव्हा मोठी आई बोलली. विसर्जनाच्या रात्री पोरी अंगणात झोपल्या होत्या. दव पडतंय, सर्दी होईल म्हणून तिनं त्यांना उठवून आत नेलं होतं. स्वतः म्हैस अडली म्हणून गोठ्यात गेली होती. साडेसात वर्षं घरातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. परक्या मुलखात, परक्या भाषेत, तिच्यासारखंच ओझं वाहणाऱ्या बाईला ती ते सांगू शकली.

परत आल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि तेच पुन्हा, सगळं, सांगितलं. मोठे बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, ‘‘अगं, मीच तर म्हणलो होतो तुला, पोरी आत घे.’’ तिला ते आठवत नव्हतं. खरं कुणाचं, मला माहीत नाही. दोघांनीही तो दोष एकेकट्यानं उचलला होता.

तिची झोप लगेच सुधारली नाही. आधी शेडमधून ओसरीत, मग उघड्या दाराजवळ, असं करत ती काही वर्षांनी घरात झोपायला लागली. अजूनही ट्रक गेला की उठून बसते. पण पितृपक्षात पोरींची नावं घेऊन पान ठेवते, आणि ३० सप्टेंबरला माझ्या शाळेत येते. मुलं विचारतात, ती सांगते. मागच्या वेळी तिनं मला वही घ्यायला लावली आणि जुन्या गल्लीतलं प्रत्येक घर, त्या रात्री कोण कुठल्या खणात झोपलं होतं, असं लिहून घ्यायला सुरुवात केली. सरकारी यादीत काही तान्ह्या लेकरांची नावंच नाहीत, कारण बारसं झालेलं नव्हतं. त्यांना घरात काय म्हणायचे, ते विचारायला आम्ही सध्या दारोदार जातोय. वेशीकडची बाजू अजून बाकी आहे.