आरसा कोणासमोर धरावा?

स्वभावांचे वर्ग पाडण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. अमका तापट, तमका चिक्कू, असें आपण रोज म्हणतों. प्रश्न इतकाच कीं, हें ज्ञान वापरावयाचें कोणावर?

इसवी सनापूर्वीं चवथ्या शतकांत अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें अथेन्समध्यें ३० स्वभावचित्रें रेखाटलीं. खुशामत्या, बडबड्या, कंजूष, गांवढळ असे नाना नमुने त्यांत आहेत. आधीं दोषाची व्याख्या, मग तसा मनुष्य चारचौघांत कसा वागतो त्याचें वर्णन, अशी त्याची धाटणी आहे. वाचतांना हसूं येतें, कारण पानोपानीं आपणांस शेजारी दिसतो. आपण स्वतः सहसा दिसत नाहीं.

आपल्याकडे श्रीसमर्थ रामदासांनीं (१६०८–१६८१) तशीच सामग्री वेगळ्या हेतूनें योजिली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. पुढें रज, तम व सत्त्व या गुणांस एकेक समास दिला असून दहाव्या समासांत पढतमूर्ख येतो. मूर्खाचीं लक्षणें त्यागासाठीं सांगितलीं, असें समर्थांनीं स्पष्ट म्हटलें आहे. पहिल्या समासांतील मूर्खास हसणारा शिकलेला वाचक दशकाच्या अखेरीस येऊन पाहतो, तों त्याचीच पाळी आलेली असते!

युरोपांत कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाची १९१३ सालीं फ्रॉइडशीं फारकत झाली. फ्रॉइड व अॅडलर यांच्याहून आपली दृष्टि निराळी कां, या शोधांतून स्वभावप्रकारांवरील त्याचा ग्रंथ १९२१ सालीं निघाला. ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ हा भेद त्यानेंच रूढ केला. पाहणाऱ्याच्या स्वभावाचा रंग त्याच्या सिद्धांतासहि लागतो, हें त्यांतील मर्म होय. माणसांवर चिठ्ठ्या डकवणें हा या वर्गीकरणाचा उद्देश नाहीं, असेंहि त्यानें पुढें बजाविलें.

आज हे शब्द सुशिक्षितांच्या घरोघरीं ऐकूं येतात. मूल अबोल असलें कीं ‘तो अंतर्मुखच’ असें म्हणून आम्ही त्यास समजून घेण्याचे श्रम वांचवितों. आणि ‘माझा स्वभावच असा’ म्हणून आपल्या रागास अभय देतों. समर्थांची कसोटी येथें उपयोगी पडते. आपला वर्ग कळल्यावर आपल्यांतील कांहीं सोडावेंसें वाटलें, तरच तें आत्मज्ञान. एरवीं तें पढतमूर्खाचें आणखी एक लक्षण समजावें.