वसईचे संत गोन्सालो गार्सिया : धीराने फळास आलेली श्रद्धा

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे, ही आपली रीत आहे. परंतु स्मरण म्हणजे केवळ इमारतींची व सनावळीची उजळणी नव्हे. ज्यांच्या जीवनाने या भूमीचे नाव ख्रिस्तसभेत उज्ज्वल झाले, त्यांच्यापासून आपण काय शिकावे, हा खरा प्रश्न होय. म्हणून वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांचे हौतात्म्य सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वी त्यांनी किती वर्षे वाट पाहिली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, तर माता येथलीच. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी ते मिशनऱ्यांसमवेत जपानास गेले. तेथील कठीण भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून मनोभावे सेवा केली. आपल्यालाही येशूसंघात घ्यावे, हीच त्यांची एक आस होती. ती पुरी झाली नाही. संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही.

आठ वर्षांच्या सेवेनंतर अशी निराशा पदरी आली, तर कोणाचे मन कडवट होणार नाही? गोन्सालो व्यापारात पडले व त्यात त्यांचा चांगला जमही बसला. पैसा, मान, स्वातंत्र्य, सारे हाती आले असता जुनी हाक विसरणे किती सोपे होते! पण ती त्यांच्या अंतःकरणातून गेली नाही. पुढे फिलिपाईन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेथेही त्यांनी धर्मगुरूचे पद नव्हे, तर साध्या धर्मबंधूचे नम्र जीवन पत्करले.

आता देवाची योजना पाहावी. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस पाठविण्यात आले. त्यांना दुभाष्या हवा होता, आणि ते काम गोन्सालो यांच्याकडे आले. जी भाषा त्यांनी प्रवेश न मिळालेल्या त्या वर्षांत शिकली होती, तीच आता सुवार्तेच्या कामी आली. क्योटो येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी मंदिर उभारले व महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. आम्हांस वाया गेलेली भासणारी वर्षे देवाच्या हिशेबी वाया जात नाहीत, ती अशी.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली व धरपकड झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते. ज्या संघाने गोन्सालो यांना घेतले नव्हते, त्या संघाचे पौल मिकी त्याच टेकडीवर त्यांचे सोबती झाले.

१६२७ साली त्यांना धन्य म्हणून मान्यता मिळाली, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपदी चढविले. हौतात्म्यानंतर हा दिवस उगवण्यास २६५ वर्षे लागली. दरम्यान १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती गेला व तेथील भव्य मंदिरे कालांतराने ओस पडली; तथापि या परिसरातील ख्रिस्ती घरांतील प्रार्थना थांबली नाही. श्रद्धेचे झाड असेच सावकाश वाढते.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी वर्षानुवर्षे आजाऱ्याची शुश्रूषा करीत असेल, कोणी दुरावलेल्या मुलासाठी दररोज रोझरी म्हणत असेल, कोणाच्या प्रार्थनेला अद्याप उत्तर मिळाले नसेल. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, धीर म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. दार बंद असतानाही हातातील काम प्रीतीने करीत राहणे, हाच खरा धीर. संत गोन्सालो यांनी तेच केले. त्यांच्या मध्यस्थीने तो धीर आपणां सर्वांस लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.