कार्यालयीन ईमेलमधील काळ

कार्यालयीन ईमेलमधील काळ : काम झाले, चालू आहे की व्हायचे आहे, हे ईमेल वाचणाऱ्याला क्रियापदाच्या रूपावरून कळते. त्यावर विसंबून तो पुढचे काम हाती घेतो. म्हणून येथे काळ चुकला की कामही चुकते.

झालेले काम : ‘अहवाल पाठवला आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ. काम पुरे झाले असून अहवाल आता उपलब्ध आहे, हे त्यातून कळते. जोडपत्रांबाबत ‘सोबत यादी जोडली आहे’ असे लिहितात ते यामुळेच. ‘पाठवला होता’ हा पूर्ण भूतकाळ स्मरणपत्रात योग्य ठरतो. पहिल्याच ईमेलमध्ये तो आला, तर वाचणारा जुना ईमेल शोधत बसतो.

व्हायचे काम : ‘पाठवतो’ हा साधा वर्तमानकाळ बोलण्यात नजीकच्या भविष्यासाठी सर्रास चालतो. लिहिताना त्याला वेळेची जोड हवी : ‘आज पाचपर्यंत पाठवतो’. ‘शुक्रवारी रजा घेणार आहे’ हे ठरलेले सांगणे झाले. परवानगी हवी असल्यास ‘रजा मिळावी’ हे विध्यर्थी रूप वापरावे.

लिंग-वचन : काळ बदलला की क्रियापदाचा मेळही बदलतो. ‘मी यादी पाठवतो’ किंवा ‘पाठवते’ हे कर्त्यावर ठरते. भूतकाळात मात्र सकर्मक क्रियापद सहसा कर्माप्रमाणे चालते : यादी पाठवली, अहवाल पाठवला, पत्र पाठवले. जुना मजकूर उचलून नुसता काळ बदलताना येथे हमखास चूक होते.

शासकीय पत्रव्यवहार : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. शासकीय आदेशातील ‘मंजुरी देण्यात येत आहे’ या वाक्यानेच मंजुरी मिळते. ‘देण्यात आली आहे’ म्हटले की निर्णय आधीचा ठरतो, तेव्हा त्याचा क्रमांक व दिनांक द्यावा लागतो. ‘देण्यात येईल’ हे केवळ आश्वासन. त्याच्या भरवशावर खर्च करता येत नाही. ‘करण्यात येईल’ अशा रचनेत करणारा दिसत नाही, म्हणून नेहमीच्या ईमेलमध्ये जबाबदार व्यक्तीचे किंवा विभागाचे नाव लिहावे.

ईमेल पाठवण्यापूर्वी प्रत्येक क्रियापदाला ‘केव्हा?’ असे विचारून पाहावे. उत्तर मजकुरात नसेल, तर तारीख घालावी.