सरकारी भित्तिपत्रकें आणि डोरोथी वॉ

जाहिरात म्हटली कीं व्यापारी डोळ्यांपुढें उभा राहातो. ज्याला कांहीं विकावयाचें आहे त्यानें हांक मारावी आणि ज्याच्या खिशांत पैसा आहे त्यानें थांबावें, हा तिचा जुना धर्म. परंतु जें विकावयाचेंच नाहीं, त्याची जाहिरात कोणीं व कशी करावी? अमेरिकेच्या सरकारापुढें हा प्रश्न १९३४ सालीं आला, आणि त्याचें उत्तर डोरोथी वॉ नांवाच्या एका चित्रकर्तीनें दिलें.

यलोस्टोनचें उद्यान १८७२ सालचें. परंतु अशा राष्ट्रीय उद्यानांसाठीं स्वतंत्र खातें निघावयास १९१६ साल उजाडलें. तोंपर्यंत, आणि त्यानंतरही बरींच वर्षें, त्यांची कीर्ति लोकांत पसरविली ती मुख्यतः रेल्वे कंपन्यांनीं. सांता फे कंपनीनें ग्रँड कॅन्यनच्या कड्यापर्यंत रूळ नेले. ग्रेट नॉर्दर्न कंपनीनें ग्लेशियर उद्यानांत अतिथिगृहें बांधलीं. त्यांचीं चित्रें सुंदर असत. परंतु चित्रांतील डोंगराच्या आड तिकिटाची खिडकी लपलेली असे. जेथें आपली गाडी जात नाहीं, त्या स्थळाचें कौतुक कोणती कंपनी करील?

पुढें १९२९ सालची मंदी आली. १९३३ सालीं रूझवेल्ट सरकारनें बेकार तरुणांचीं पथकें उभारून त्यांना वृक्षारोपण, रस्ते व उद्यानांतील बांधकामें यांच्या कामीं लाविलें. याच धामधुमींत डोरोथीबाई उद्यान-खात्याच्या कामावर आल्या. त्यांचा जन्म १८९६ चा. वडील फ्रँक वॉ हे मॅसॅच्युसेट्सच्या कृषि-महाविद्यालयांत उद्यानरचनेचे प्राध्यापक. बाईंचें कलाशिक्षण शिकागो येथें झालेलें. निवारे, बांकें, फार काय शौचकूपें कशीं बांधावींत हें दाखविणाऱ्या खात्याच्या पुस्तिकांसाठीं त्यांनीं रेखाटनें केलीं.

१९३४ हें राष्ट्रीय उद्यानांचें वर्ष म्हणून जाहीर झालें आणि पोस्टखात्यानें दहा उद्यानांचीं तिकिटें काढलीं. त्या वर्षापासून १९३६ पर्यंत डोरोथीबाईंनीं सतरा भित्तिपत्रकें तयार केलीं. उद्यानांसाठीं सरकारनें स्वतः चालविलेली ही पहिलीच भित्तिपत्रक-मोहीम होय. सपाट, ठळक रंग, मोजक्या आकृति, आणि चित्राच्या स्वभावाप्रमाणें वळण बदलणारीं हातानें काढलेलीं अक्षरें, ही त्यांची रीत. एकांत हिवाळी खेळांचें आमंत्रण आहे, तर दुसऱ्यांत वाळवंटाच्या गूढतेचें. आमच्या मतें महत्त्वाची गोष्ट ही कीं, या पत्रकांचा भर एखाद्या विशिष्ट स्थळावर नसून 'राष्ट्रीय उद्यान' या कल्पनेवरच आहे. रेल्वे म्हणे, 'आमच्या गाडीनें या.' सरकारचें म्हणणें, 'हें तुमचेंच आहे, पाहून जा.' अर्थात् 'तुमचें' या शब्दांत त्या काळीं सर्व येत नसत. मूळ रहिवाशांच्या भूमी त्यांच्याकडून गेल्या होत्या. आणि व्हर्जिनियांतील शेनँडोआ उद्यानांत १९३९ सालीं कृष्णवर्णीयांसाठीं निराळें स्थळ उघडण्यांत आलें. चित्रांतलें आमंत्रण प्रत्यक्षाच्या पुष्कळ पुढें होतें.

बाई पुढें न्यूयॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेच्या बालपुस्तक-विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर माँटक्लेअरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांनीं दीर्घकाळ काम केलें. १९९६ सालीं त्या वारल्या. उद्यानांचीं भित्तिपत्रकें म्हटलीं कीं लोकांना आठवतात तीं १९३८ ते १९४१ च्या दरम्यान दुसऱ्या सरकारी योजनेंत निघालेलीं. त्यांच्या प्रतिकृति आजही घरोघरीं लागतात. तीं चांगलीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु वाट त्यांच्या आधींच पाडलेली होती.

२०२५ सालीं न्यूयॉर्कच्या भित्तिपत्रक-संग्रहालयानें डोरोथीबाईंच्या या कामाचें प्रदर्शन भरविलें. तें पाहावयास त्या नव्हत्या. खात्याच्या नांवानें निघालेल्या कामांत कर्त्याचें नांव सहज बुडतें, आणि कर्ता स्त्री असेल तर तें शोधण्याची घाई कोणासच नसते. नव्वद वर्षांनीं कां होईना, तें नांव वर आलें याचें आम्हांस समाधान वाटतें.