संरक्षित कूळ आणि वकिलाची फी

निजामी अमदानीत नांदेड-परभणीकडचा एखादा शेतकरी जमिनीच्या तंट्यासाठी राजधानीस निघाला, की मनमाडकडून येणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीने तो सिकंदराबादच्या बाजूला येई. मुसीकाठच्या हायकोर्टात पोहोचल्यावर त्यास कळे, की आपलीच फिर्याद आपल्याला वाचता येत नाही. न्यायालयाची भाषा उर्दू, त्याची मराठी, तेलंगणातल्या त्याच्या भावंडाची तेलुगू. मध्ये वकील हवा आणि वकिलाला फी हवी.

कायदे नव्हते असे नव्हे. कर्जापोटी धन्याच्या घरी राबणाऱ्या तेलंगणातील भगेल्यांच्या करारांवर १९३६ साली निर्बंध आले. परंतु ज्याला कर्जाचा कागद वाचता येत नाही, त्याने धन्याविरुद्ध उभे राहावे कोणाच्या आधाराने?

पुढे हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळकायदा झाला. सलग सहा वर्षे जमीन कसणारा ‘संरक्षित कूळ’ ठरला. तहसीलदाराच्या हुकुमावाचून त्याला काढता येऊ नये आणि त्याने जमीन सोडली तरी ती तहसीलदारासमोर लेखी सोडावी, अशी तजवीज होती. कायदा चांगला होता, असेच मी म्हणेन. मग झाले काय? उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी पाहणी करून १९५८ साली जे प्रसिद्ध केले, ते वाचून मन विषण्ण होते. १९५१ मधील दर शंभर संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनी पंचेचाळीसच त्या हक्कावर उरली होती. सुमारे बारांनी जमीन विकत घेतली. कायदेशीर रीतीने निघाली ती अडीचच्या आसपास. बेकायदा काढली गेली ती बावीस. आणि सुमारे अठरांनी म्हणे ‘स्वखुशीने’ जमीन सोडली! पाटील-पटवाऱ्यांच्या देखत दिलेल्या त्या खुशीचे मोल श्रोत्यांनीच करावे. या बावीस जणांची बाजू कायद्यात होती. ती मांडणारा मात्र कोणी नव्हता.

मोफत कायदेसाहाय्याचा विचार त्याच सुमारास चालू होता. मुंबई सरकारने १९४९ साली न्या. न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५८ साली विधि आयोगाच्या चौदाव्या अहवालानेही तो प्रश्न उचलून धरला. संविधानात ३९-अ हे कलम यावयास मात्र १९७६ उजाडले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. तोवर आपल्या कुळांची एक पिढी सरली होती.

या कायद्याच्या बाराव्या कलमात औद्योगिक कामगाराचे नाव आहे, बेगारीच्या बळीचे आहे. शेतमजुराचे स्वतंत्र नाव नाही. तो अनुसूचित जातीजमातींचा असेल, स्त्री असेल, त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल वा तो कलमातल्या इतर एखाद्या वर्गात बसत असेल, तरच त्याला दार उघडते. तथापि याच कायद्यात ‘विधी सेवा’ या शब्दांच्या व्याख्येत केवळ न्यायालयच नव्हे, तर इतर प्राधिकरणासमोरील कामही धरले आहे. म्हणजे तहसीलदाराच्या कचेरीत उभ्या असलेल्या कुळालाही आता वकील मागता येतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या समितीकडे अर्ज करता येतो.